जिंकू त्या दिवशी विसर्जन

अमेरिकेतल्या समाजवादाचा विषय निघाला की आपल्याकडे यूजीन डेब्जचं नाव येतं, फार तर पुढे बर्नी सँडर्सचं. डॅनिअल डी लिऑनचं नाव कुणी घेत नाही. मतांच्या हिशेबात त्यात काही चूकही नाही. १९१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेब्जला नऊ लाखांच्या आसपास मतं पडली, आणि डी लिऑनच्या सोशलिस्ट लेबर पार्टीच्या उमेदवाराला तीस हजारांच्या आसपास. पक्ष लहान, त्याचा पुढारी भांडखोर, आणि ज्यांच्याशी भांडला ते सगळे पुढे त्याच्याहून मोठे झाले. तरीही मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो. माणसाचं राजकीय गाव कोणतं, या प्रश्नाचं त्याने दिलेलं उत्तर एखाद्या स्थलांतरितालाच सुचावं असं होतं. आणि त्या उत्तराचा पहिला फटका त्यालाच बसला.

जन्म १८५२ चा, कुरासावचा. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट तेव्हा डच वसाहत होतं. घराणं सेफार्दी ज्यूंचं, वडील डच सैन्यात शल्यचिकित्सक. पोरगा वयात येण्याआधीच ते गेले. मग शिक्षणासाठी युरोप, आणि विशीत न्यूयॉर्क. तिथे शाळामास्तरकी, कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी, काही वर्षं टेक्सासच्या सीमेवर ब्राउन्सव्हिलमध्ये वकिली, आणि पुन्हा न्यूयॉर्क. बायको काराकासची. ती लग्नानंतर पाच वर्षांतच बाळंतपणात गेली. स्वतःचं कूळ व्हेनेझुएलातल्या स्पॅनिश खानदानातलं असल्याचं तो सांगे. विरोधक म्हणत, हे सोंग आहे, याचं खरं आडनाव लोएब. ज्यूद्वेषाची फोडणी दिलेली ती कुजबुज त्याच्या मरणापर्यंत थांबली नाही. समाजवादी असोत की कामगार संघटनांचे नेते, भांडण तत्त्वाचं असलं तरी शेवटी प्रश्न एकच यायचा: हा मूळचा कुठला?

१८८३ पासून तो कोलंबियात लॅटिन अमेरिकेच्या राजनयावर व्याख्यानं देत होता. तिथेच १८८५ पासून एडविन सेलिग्मन शिकवू लागले. पुढे ते बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले तेव्हा सेलिग्मन नामवंत अर्थशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा हा जुना सहकारी त्याच शहरात एका मरू घातलेल्या दैनिकाचे अग्रलेख लिहीत होता. दोघांच्या वाटा फुटल्या त्या १८८६ च्या सुमारास. त्या वर्षी हेन्री जॉर्ज कामगारांच्या पाठिंब्यावर महापौरपदाला उभा राहिला. हरला, पण थिओडोर रूझवेल्टला त्याने तिसऱ्या क्रमांकावर ढकललं. डी लिऑनने जॉर्जचा उघड प्रचार केला. कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. १८८९ मध्ये त्याने विद्यापीठ सोडलं आणि १८९० मध्ये तो सोशलिस्ट लेबर पार्टीत आला.

तेव्हाचा हा पक्ष म्हणजे जवळजवळ जर्मन मंडळच होतं. सभा जर्मनमध्ये, वाद जर्मनमध्ये. इंग्रजी बोलणारे शोधावे लागत. अशा पक्षाला अमेरिकेच्या भाषेत आणायचं काम पडलं कुरासावच्या माणसावर. १८९२ पासून ‘द पीपल’ हे साप्ताहिक त्याच्या हाती आलं, १९०० मध्ये त्याचं दैनिक झालं. या पत्रात तो एक संवाद चालवी. पात्रं दोन, अंकल सॅम आणि ब्रदर जोनाथन, दोघंही अमेरिकेची अस्सल देशी प्रतीकं. जोनाथन भाबडा, मालक-मजूर दोघांचं हित एकच, असलं काहीतरी ऐकून येई. मग अंकल सॅम उलटतपासणी घेऊन त्याचा पार निकाल लावी. वकिली आणि मास्तरकी एका स्तंभात! परका म्हणून ज्याला हिणवलं जात होतं, त्याने त्या देशाच्या म्हाताऱ्यालाच मार्क्सवादी करून टाकलं.

पण त्याची खरी कल्पना या प्रचाराच्या पलीकडची होती, आणि ती १९०५ च्या सुमारास पक्की झाली. तो म्हणे, भांडवलशाही राज्य माणसाला भूभागावरून मोजतं: अमुक जिल्हा, अमुक मतदारसंघ. समाजवादी प्रजासत्ताकात हे मतदारसंघच उरणार नाहीत. खाण, रेल्वे, कापड, शिक्षण अशा एकेका उद्योगातले कामगार आपले प्रतिनिधी निवडतील आणि त्या प्रतिनिधींची सभा हीच संसद. कामगारांच्या महासंघाचं कार्यकारी मंडळ जिथे बसेल ती देशाची राजधानी. पक्षाचं काम मतपेटीतून सत्ता घेण्यापुरतं. ती घेतली की त्याच दिवशी पक्षाने स्वतःला बरखास्त करायचं, कारण राज्ययंत्र हाती ठेवणारा पक्ष नवा मालक होतो. १९१७ च्या रशियन क्रांतीच्या बारा वर्षं आधी हे कुणी मांडत होतं, हे विसरून चालणार नाही. जन्मगाव विचारणाऱ्यांच्या देशात त्याने जन्मगावाचा रकानाच खोडला. तू कुठला, हे विचारू नका. काय काम करतोस, एवढंच विचारा. एवढ्यावर नागरिकत्व उभं करायचं त्याने योजलं होतं.

अशी मोकळी कल्पना मांडणाऱ्याने पक्ष चालवला मात्र सोवळ्यात. जुलै १८९९ मध्ये विरोधी गटाने पक्षकार्यालयाचा ताबा घ्यायचा प्रयत्न केला आणि प्रकरण गुद्द्यांवर आलं. काही महिने एकाच नावाचे दोन पक्ष आणि एकाच नावाची दोन पत्रं चालली. नाव कुणाचं, हे शेवटी कोर्टाने डी लिऑनच्या बाजूने ठरवलं. (आपल्याकडच्या समाजवाद्यांच्या फाटाफुटी पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) १९०० च्या अधिवेशनात कार्यक्रमातल्या सगळ्या तातडीच्या मागण्या काढून टाकल्या. आठ तासांचा दिवससुद्धा नको, क्रांतीच हवी. गिरणीत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईला हा पक्ष आज काय देणार, याचं उत्तर त्यामुळे उरलंच नाही. आयर्लंडहून आलेल्या जेम्स कॉनोलीने १९०४ मध्ये वाद काढला. पगारवाढ महागाईत विरते म्हणून ती निरर्थक, हे पक्षातलं म्हणणं त्याला मान्य नव्हतं. डी लिऑनने त्याचं पत्र छापलं, खाली आपलं लांबलचक उत्तर छापलं आणि विषय आटोपला.

१९०५ च्या जूनमध्ये शिकागोत इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड ही कामगार संघटना स्थापन झाली. डेब्ज आणि डी लिऑन एका व्यासपीठावर आले. आपली भावी संसद इथेच जन्मतेय, असं त्याला वाटलं. तीन वर्षांनी चौथ्या अधिवेशनाला पश्चिमेकडून वीसेक जण मालगाड्यांतून फुकट प्रवास करत, वाटेत सभा घेत, गाणी विकत शिकागोला पोहोचले. अंगात डंगरीचे कपडे, म्हणून नाव पडलं ‘ओव्हरऑल्स ब्रिगेड’. लाकूडतोडे, सुगीचे मजूर, हंगामाबरोबर फिरणारे. एका जागी राहत नसल्यामुळे यांतल्या बहुतेकांना मतदान करताच येत नसे. मतपेटीतून सत्ता, हे बोलणं त्यांच्या दृष्टीने पोटभरल्यांचं. डी लिऑनने त्यांची ‘बमरी’, म्हणजे भटक्यांची टोळी, अशी संभावना केली.

मला इथे थांबावंसं वाटतं. मतदारसंघ नसलेल्या, गाव नसलेल्या, फक्त काम असलेल्या माणसांसाठीच तर त्याची सगळी रचना होती. ती माणसं प्रत्यक्ष दारात आली तेव्हा त्याला त्यांचे मळके कपडे दिसले.

त्यांनी त्याला काढलं तेही त्याच्याच नियमावर बोट ठेवून. डी लिऑन कचेरी कामगारांच्या शाखेचा प्रतिनिधी म्हणून आला होता. हा तर वर्तमानपत्राचा संपादक, याची जागा छपाई कामगारांच्या शाखेत, असा आक्षेप निघाला आणि त्याचं प्रतिनिधित्व नाकारलं गेलं. तू काय काम करतोस, हाच प्रश्न त्याला विचारला गेला आणि त्याचं उत्तर चुकीचं ठरलं. डाव होता हे उघड आहे. संघटनेतल्या व्हिन्सेंट सेंट जॉनच्या गटाला तो नकोच होता. पण डावाबरोबर त्या कल्पनेची खोटही बाहेर पडली. उद्योगावरून माणूस मोजायचा तर कोण कुठल्या उद्योगात हे ठरवणारा कुणीतरी लागतो, आणि तो कुणीतरी तटस्थ नसतो. संपादक, अनुवादक, बेकार, घर सांभाळणारी बाई, आज रानात आणि उद्या गोदीत असणारा मजूर यांना कुठल्या बाकावर बसवायचं? मतदारसंघाच्या सीमा जशा हव्या तशा आखता येतात, तशा धंद्याच्याही. हे डी लिऑनने कधी मान्य केलं नाही. आपल्या लोकांना घेऊन त्याने डेट्रॉइटला दुसरी संघटना चालवली, तिचं नावही तेच.

दैनिक फेब्रुवारी १९१४ मध्ये बंद पडलं आणि ११ मे रोजी तो गेला. मागे अनुवादांचा ढीग राहिला. मार्क्स होता, बेबेलचा स्त्रियांवरचा ग्रंथ होता, आणि यूजीन स्यूची अनेक खंडांची कादंबरीमालिका होती. रोज अग्रलेख लिहिणारा माणूस एवढं कधी करत असेल! ब्रिटनमध्ये त्याच्या विचारांवर निघालेल्या पक्षाने पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या कारखान्यांत चांगलं मूळ धरलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. अमेरिकेत मात्र पक्षाची किल्ली त्याच वर्षी अर्नोल्ड पीटरसन या डेन्मार्कहून आलेल्या दुसऱ्या स्थलांतरिताकडे गेली. तो १९६९ पर्यंत, पंचावन्न वर्षं, राष्ट्रीय सचिव राहिला. डी लिऑनची भाषणं छापायची, त्याच्या जयंत्या करायच्या, आणि शब्द इकडचा तिकडे करणाऱ्याला बाहेर काढायचं, यात ती वर्षं गेली. जिंकल्या दिवशी विसर्जित व्हायचं ठरवलेला पक्ष एकही मोठी लढाई न जिंकता शंभराहून अधिक वर्षं टिकला, आणि २००८ मध्ये त्याचं पत्र आणि राष्ट्रीय कार्यालय दोन्ही बंद झाली.