पूर्वलक्षी निवाडा

मणिपूरच्या भारोत्तोलक खुमुकचम संजिता चानू यांच्यावर उत्तेजक द्रव्याच्या सेवनाबद्दल 2023 च्या एप्रिलमध्ये चार वर्षांची बंदी जाहीर झाली, तेव्हा आपल्याकडील क्रीडाचर्चेत खेदापेक्षा एक प्रकारचे समाधानच अधिक उमटले. आणि त्या समाधानाचे सार असे की, 2018 सालच्या ज्या आरोपातून ही बाई निसटली, तोही खराच होता हे आता उघड झाले. हे मत इतके सोयीचे आहे की त्याची झडती घेणे मला अगत्याचे वाटते. बाकीच्या दोन मतांवर शाई खर्च करण्याचे कारण नाही: हा सारा परकीयांचा कट असे म्हणणे बालिश आहे, आणि हलाखीतून वर आलेल्या मुलीपुरते नियम सैल करावेत ही सूचना तिचाच उपमर्द करणारी आहे.

2014 साली ग्लासगो येथे 48 किलो गटात 173 किलो आणि 2018 साली गोल्ड कोस्ट येथे 53 किलो गटात 192 किलो एकूण वजन उचलून दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत जिने सुवर्णपदक मिळवले, तिला त्याच वर्षीच्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाने कळवले की, नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन आढळले आहे. हा कागद जवळून पाहण्याजोगा आहे. खेळाडूचे मूत्र तिच्या देखत दोन बाटल्यांत भरून मोहोरबंद केले जाते. बाटलीवर नाव नसते, असतो तो केवळ क्रमांक. म्हणजे ते कोणाचे, हे प्रयोगशाळेला त्या आकड्यांवाचून कळण्याचा मार्ग नाही. आणि महासंघाच्या पत्रात एकाच नमुन्याला एके ठिकाणी 1599000 व दुसऱ्या ठिकाणी 1599176 असे दोन क्रमांक पडले होते. महासंघाने ती कारकुनी चूक ठरवली. दुसरी बाटलीही तिच्या विरुद्धच गेली, हे मी दडवीत नाही. तथापि जानेवारी 2019 मध्ये तात्पुरते निलंबन उठले आणि जून 2020 मध्ये आरोपच मागे घेण्यात आला, तो दयाबुद्धीने नव्हे, तर सॉल्ट लेक सिटीच्या प्रयोगशाळेतील पृथक्करण विहित पद्धतीस धरून झाले नव्हते असे खुद्द ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनेच कळवले म्हणून. मधल्या काळात जकार्ताची आशियाई स्पर्धा आणि अश्गाबादची जागतिक स्पर्धा तिच्यावाचून पार पडल्या होत्या.

पुढे 2022 च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन हे निषिद्ध द्रव्य सापडले, रौप्यपदक गेले, बंदी आली. तो हुकूम मला मान्य आहे. मान्य नाही ते त्याला पाच वर्षे मागे चालवणे.

आमच्या 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने, काही अपवाद वगळता, फौजदारी कामात आरोपीचे पूर्वीचे दुर्वर्तन गैरलागू मानले होते, कारण न्यायासनापुढे असतो तो एका कृत्याचा प्रश्न, माणसाच्या समग्र वृत्तीचा नव्हे. येथे तर पूर्वीच्या नव्हे, नंतरच्या कृत्यावरून आधीचे शाबीत करण्याचा उलटा उद्योग चालला आहे! शिवाय उत्तेजकविरोधी नियमांत द्रव्य शरीरात सापडले की भंग सिद्ध होतो, हेतू विचारण्याची गरज पडत नाही. आणि ड्रोस्टॅनोलोनसारख्या द्रव्याच्या बाबतीत, फसवण्याचा हेतू नव्हता हे दाखवण्याचा भार खेळाडूवरच असतो, तो पेलला नाही तर चार वर्षे. म्हणजे 2023 च्या निवाड्यानेसुद्धा ती लबाड आहे असे स्वतंत्रपणे शाबीत केलेले नाही. मग त्या निवाड्यातून तिच्या शीलाचा दाखला काढून तो 2017 च्या बाटलीला चिकटवायचा तरी कसा?

यावर चतुर मंडळी संभवाची भाषा काढतात: जिच्याकडून एकदा घडले, तिच्याकडून आधीही घडले असण्याचा संभव अधिक. असेल, घरच्या ओट्यावर बसून माणसांची पारख करताना मीही असेच म्हणेन. परंतु प्रयोगशाळेला विचारलेला प्रश्न संजिता कशी बाई आहे हा नव्हता. या क्रमांकाच्या बाटलीत हे द्रव्य आहे काय आणि ते योग्य रीतीने शोधले काय, एवढाच होता, आणि त्याच्या उत्तरार्धाचे उत्तर नकारार्थी आले. तिने ते द्रव्य घेतलेच नव्हते असे त्यातून सिद्ध होत नाही, हे मी कबूल करतो. पण सिद्ध न झालेल्या आरोपाला पुढच्या आरोपाने जर पूर्वलक्षी प्रभाव लाभत असेल, तर प्रयोगशाळेने विहित पद्धत पाळण्याचे प्रयोजनच उरत नाही. खेळाडू पुढेमागे कधीतरी घसरेल, एवढी वाट पाहिली की काम झाले. आरोप मागे घेतल्यावर संजिताने महासंघाकडे माफी आणि भरपाई मागितली होती. ती मागणी आज कोणी पुन्हा पटलावर घेतलीच, तर तिचे गुणदोष ठरवताना समोर ठेवायचे कागद 2018 ते 2020 या काळातलेच असतील.