दुसरी सीट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली, आता पन्हाळ्यावर असतो. संध्याकाळी सज्जाकोठीकडं फिरायला जातो. दरीतून चढणारा वारा तोंडावर आला, की कॅप्टन अमोल यादवांचं विमान आठवतं. कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटांचं विमान बांधलं. 2016 साली मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं. त्या जिद्दीपुढं मी हात जोडतो. पण माझं मन अडकलं ते उरलेल्या पाच सीटांवर.

आपला जीव आपल्या हातावर सोपवता येतो. दुसऱ्याचा कसा सोपवायचा?

अमेरिकेत हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये दोन सीटांची विमानं बांधतात. निम्म्याहून जास्त काम स्वतःचं लागतं, तेही शिकण्यासाठी नाहीतर आनंदासाठी केलेलं. आधी सहसा पंचवीस ते चाळीस तास चाचणीची उड्डाणं, तोवर प्रवासी घ्यायचा नाही. पुढंही आत पाटी कायम: हे हौशी माणसानं बांधलंय, नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. ती पाटी वाचूनही जो शेजारी बसतो, त्याचं ऋण कसं फेडायचं?

एकदा उसाच्या ट्रॉलीचा नट आवळला आणि स्प्लिट पिन घालायची माझ्याकडून राहिली. रात्री जेवताना आठवलं. ताटावरून उठून सायकल हाणली, तर ट्रॉली भरून निघून गेलेली. ती कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत धड पोचली. "अंबाबाईनं राखलं," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ट्रॉली गाठून पिन घातली, पक्कडीनं तिची दोन्ही टोकं उलटी वळवली, तेव्हा कुठं हाताचं थरथरणं थांबलं.

आईचं खोटं नव्हतं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितलीत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, हालचाली आणि पाचवं दैव. दैव मी मानतो. पण त्याचा नंबर पाचवा. आधीच्या चारांत कसूर करायची आणि सगळा भार पाचव्यावर टाकायचा, याला भक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परवा नातवानं विचारलं, "आबा, तुम्ही विमान बांधलं तर मला बसवाल?"

"चाळीस तास एकटा उडीन. मग उतरून सगळ्या पिना पुन्हा मोजीन. मग तुझ्या आईला विचारीन."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पिना मोजायला मी येतो."