सहभोजी

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अळीची लाळग्रंथी काढण्याची एक ठरलेली रीत आहे. कायरोनोमस या डासासारख्या कीटकाची लालभडक अळी काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवायची, एका सुईने धड दाबून धरायचं आणि दुसरीने डोकं हलक्या हाताने ओढायचं. डोक्यामागोमाग दोन पारदर्शक ग्रंथी येतात आणि त्यांच्याबरोबर नको असलेलं आतडं. ग्रंथींवर अ‍ॅसिटोकार्माइन टाकून वरून काच दाबली, की पट्ट्यापट्ट्यांची ती प्रसिद्ध महाकाय गुणसूत्रं दिसतात. आतडं टिपकागदाने टिपून टाकायचं. बावीस वर्षं मी हे शिकवलं. किती आतडी टिपकागदाला गेली, त्याचा हिशेब नाही.

अळ्या आणायचं काम प्रयोगशाळेतल्या मामांचं. वसतिगृहामागच्या उघड्या गटारात त्या हव्या तेवढ्या मिळत. एका वर्षी ते गटार बंदिस्त झालं आणि मामा घाटाखालच्या ओढ्यावरून बरणी भरून घेऊन आले. त्या अळ्या बारीक होत्या, फिकट होत्या. गुणसूत्रांसाठी त्यातल्या निम्म्या निरुपयोगी. मुलं वैतागली. मीही वैतागलो होतो. तेवढ्यात एका मुलीने हाक मारली, ‘सर, हिच्या पोटात केस आहेत.’

तिची काचपट्टी सरकली होती आणि भिंगाखाली ग्रंथीऐवजी मागचं आतडं आलं होतं. आतड्याच्या पारदर्शक भिंतीला आतल्या बाजूने चिकटलेले, फांद्या फुटलेले नाजूक तंतू. टोकांना लांबट बीजाणू. सगळे मिळून पोकळीत झुलत होते, प्रवाहातल्या शेवाळासारखे. मी जरा वेळ पाहिलं आणि म्हटलं, बुरशी असेल.

‘परजीवी?’

‘अळी तर धडधाकट दिसते. सहभोजी लिही.’

आमच्या जर्नलमध्ये तसा रकानाच होता: संबंधाचा प्रकार. परजीवी, सहजीवी, सहभोजी. सहभोजी म्हणजे एका पंगतीला बसून जेवणारा, ज्याच्यामुळे यजमानाचं काही वाढत नाही आणि काही घटत नाही. (महाराष्ट्रात सहभोजन या शब्दामागे पंगतीला कोण बसणार आणि कोण नाही याचा केवढा झगडा आहे, शास्त्राच्या पुस्तकात मात्र तो शब्द अगदी निरुपद्रवी होऊन येतो.) तिने काहीतरी लिहिलं, मी सही केली, तास संपला.

माझ्या मनातून मात्र ते केस गेले नाहीत. पुढे लखनऊचे जे. के. मिश्रा आणि कान्सास विद्यापीठातले रॉबर्ट लिक्टवार्ट यांनी मिळून २००० साली काढलेला, या बुरशींच्या सचित्र ओळखीचा ग्रंथ हाती आला आणि त्यात तसेच तंतू दिसले. ट्रायकोमायसीट्स, म्हणजे केसबुरशी. ओढ्यातल्या अळ्यांच्या आतड्यांत राहणारा गट हार्पेलेल्स नावाचा. कायरोनोमस आणि डासांच्या अळ्यांत सापडणारी त्यातली स्मिटियम ही प्रजाती जगभर पसरलेली.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, असं आपण म्हणतो. हिचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या पोटात, आणि तेही पडायला आलेल्या घरात. कीटकाच्या मागच्या आतड्याला आतून कातडीचंच अस्तर असतं. अळी कात टाकते तेव्हा हे अस्तरही निघून जातं आणि त्याला चिकटलेली बुरशीची अख्खी वसाहत ओढ्यात वाहून जाते. काळमाशीचंच उदाहरण घ्या. तिची अळी प्रवाहातल्या दगडाला मागच्या टोकाने घट्ट धरून बसते आणि डोक्यावरच्या पंख्यांनी वाहत्या पाण्यातलं खाणं गाळते. ती कोशात जाईपर्यंत साधारण सहा वेळा कात टाकते. दर वेळी घर जमीनदोस्त. म्हणून कात पडण्याआधीच बीजाणू तयार ठेवायचे, पाण्यात सोडायचे आणि दुसऱ्या कुठल्या तरी अळीने ते गिळावेत अशी वाट पाहायची.

गिळल्यावरचा भाग मला सर्वांत चकित करणारा वाटतो. अळीच्या पोटातून अन्न सरकत असतं, थांबायला फार सवड नसते. बीजाणूने लवकर उघडून उपयोग नाही आणि उशीर झाला तर तो विष्ठेबरोबर बाहेर. स्मिटियमच्या बीजाणूंना ही वेळ कशी कळते, ते ब्रूस हॉर्न यांनी १९८९ मध्ये उलगडून दाखवलं. डासाच्या अळीच्या मधल्या आतड्यातला रस विलक्षण अल्कधर्मी असतो, सामू १०च्या घरात. तिथे पोटॅशियमच्या साथीने बीजाणू तयारीत येतो, पण उघडत नाही. पुढे मागच्या आतड्यात सामू उतरून ७च्या आसपास आला, की आतला जीव बाहेर झेपावतो आणि अस्तराला डिंकाने चिकटावा तसा चिकटतो. दोन खुणा, त्याही ठरलेल्या क्रमाने. तोंडाने गाव विचारत न जाता जिभेने चव घेत घर शोधावं, तसं काहीसं.

इथवर सहभोजी हा शब्द चालून जातो. पण हॉर्न आणि लिक्टवार्ट यांनीच १९८१ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एडिस इजिप्ती या डासाच्या अळ्यांना त्यांनी मुद्दाम अपुरा आहार दिला. कधी ब गटातली काही जीवनसत्त्वं वगळली, कधी स्टेरॉल. बुरशी नसलेल्या अळ्या मागे पडल्या. पोटात स्मिटियम क्युलिसेटी असलेल्या बऱ्याच तग धरून वाढल्या. भरल्या ताटाच्या दिवसांत ज्याची दखल घ्यायचं कारण नव्हतं, तो पाहुणा दुष्काळात घर चालवत होता. ही जात १९६४ साली लिक्टवार्ट यांनीच वर्णन केलेली. पुढे तिची प्रजाती बदलून तिला झांकुडोमायसीस असं नवं नाव मिळालं, दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलीत डासाला झांकुडो म्हणतात त्यावरून. २०१६ मध्ये तिच्या जनुकसंचात मुळात डासाकडून आलेलं एक जनुकही सापडलं. इतकी वर्षं एका घरात राहिलं की भांडी इकडची तिकडे होतातच.

स्मिटियम मॉर्बोसम या दुसऱ्या जातीची गोष्ट वेगळी. १९८१ मध्येच ऑस्ट्रेलियातून तिची नोंद झाली. ती आतड्याच्या अस्तराला नुसती चिकटून राहत नाही, ते भेदून आत शिरते. मग अळीला कात टाकताना अस्तर सोडवता येत नाही आणि ती मरते. इतर जाती ज्या घडीला निमूटपणे घर सोडतात, त्याच घडीला ही दार अडवून बसते. प्रजाती तीच, राहण्याची जागाही तीच.

काळमाशीची कथा याहून गुंतागुंतीची. ओढा खाली वाहतो, बीजाणूही खालीच जाणार. मग वरच्या पाण्यातल्या अळ्यांना बुरशी मिळते कुठून? कीटकांच्या रोगांवर काम करणाऱ्यांनी काही काळमाश्यांच्या अंडाशयात अंड्यांऐवजी बुरशीच्या गोळ्या भरलेल्या पाहिल्या होत्या आणि त्याला रोग म्हटलं होतं. आतड्यातल्या केसबुरशीचा अभ्यास करणारे निराळे लोक होते. ही दोन्ही एकाच जीवाची दोन रूपं आहेत, हे १९८०च्या दशकात स्पष्ट होत गेलं. बुरशी पंख फुटलेल्या मादीच्या अंडाशयात शिरते, अंड्यांची जागा घेते. मादी ओढ्यावर उडत येते, ओल्या दगडावर बसते, अंडी घालण्याच्या साऱ्या हालचाली करते आणि बुरशी घालते. तिची स्वतःची वेल तिथे खुंटलेली असते. अळीच्या पोटात मुकाट जेवून उठणारा हाच तो.

मग रकान्यात काय लिहायचं?

आणि रकाने तरी कुठे पक्के होते? या केसाळ जीवांचं पहिलं चांगलं वर्णन फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी १८४९ मध्ये केलं. त्यांना ते मिलिपीडच्या, म्हणजे आपल्या पैशाच्या जातीच्या किड्याच्या, आतड्यात सापडले आणि त्यांनी ते वनस्पतींत घातले. नंतरच्यांनी ते बुरशीत हलवले. १९४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी अशा सगळ्यांचा मिळून ट्रायकोमायसीट्स हा गट उभा केला. २००० नंतर जनुकं वाचली गेली तेव्हा त्यातली दोन घराणी बुरशी नाहीतच असं निघालं. त्यांचं नातं प्राण्यांच्या मुळाशी जुळणाऱ्या एकपेशीयांशी. लायडींचा जीव त्यांतलाच. आतड्यात राहायचं तर केसासारखं लांब होऊन भिंतीला चिकटणं सोयीचं, म्हणून वेगवेगळ्या कुळांतले जीव एकसारखे दिसू लागले होते, इतकंच. लायडींना हसावंसं मला वाटत नाही. भिंगाखाली जेवढं दिसलं तेवढं त्यांनी नेकीने काढून ठेवलं. त्यांच्या चित्रातलं काही खोटं ठरलेलं नाही, वरचा मथळा तेवढा दोनदा बदलला.

निवृत्तीच्या आधी प्रयोगशाळेतलं कपाट रिकामं करायची वेळ आली. मामा जुनी जर्नलं रद्दीत बांधत होते. त्यांत त्या मुलीचं जर्नल निघालं. पेन्सिलीने काढलेलं आतडं, त्यातले केस. आकृती ठीकठाक, प्रमाण चुकलेलं. संबंधाच्या प्रकारासमोर तिने लिहिलं होतं, ‘सध्या सहभोजी’. परीक्षेला बाहेरून आलेल्या कुणी ‘सध्या’वर लाल रेघ मारून अर्धा गुण कापला होता. त्या रेघेच्या खाली, त्याच पानावर, न वाचता केलेली माझी सही होती.