झाकणावरची दहा मिनिटं

पलूसला एक मिस्त्री होता. शेजारीच किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून या भागात लोखंडाची आणि यंत्राची जाण असलेली माणसं घडत आली. मिस्त्री त्यांतलाच. त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकत होता. पोरगा चलाख होता. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की एक फेज गेलीय, हे तो सांगायचा.

जवळच एका शेतकऱ्याचं गुऱ्हाळ होतं. त्यानं नदीवर भावकीतल्या एकाचा पंप पाहिला. पंपाला मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला होता. 50 हर्ट्‌झची मोटार 40 वर चालायची. पाणी थोडं कमी यायचं, पण वीज त्याहून बरीच कमी लागायची. शेतकऱ्याला ते आवडलं. त्यानं चरकाच्या मोटारीलाही ड्राइव्ह बसवून घेतला आणि आकडा खाली आणत आणत 20 वर ठेवला. चरक सावकाश फिरू लागला.

"आता मोटारीला आराम मिळंल," शेतकरी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मोटारीतून करपल्याचा वास आला. मिस्त्री आणि पोरगा आले. पोरग्यानं क्लॅम्प मीटर लावला. मोटारीच्या पाटीवर होते तेवढेच अँपिअर दिसत होते, जास्त नाहीत.

"मग तापती कशानं?" शेतकऱ्यानं विचारलं.

मिस्त्रीनं मोटारीच्या मागच्या जाळीवर बोट ठेवलं. "दादा, हा पंखा मोटारीच्याच शाफ्टवर हाय. मोटार हळू, तर पंखा बी हळू. पंप हळू केला की त्याला जोरच कमी लागतो, म्हणून तिकडं चाललं. इथं रुळांत ऊस हाय. हळू फिरवा न्हाईतर जोरात, पिळायला जोर तेवढाच लागतो. करंट तोच, उष्णता तीच, वारा मात्र गेला."

मग तो पोरग्याला म्हणाला, "वाइंडिंग शाबूत हाय का बघू. मेगर लावायचाय. आधी ड्राइव्हकडच्या वायरी सोडव, मेगरचं व्होल्टेज ड्राइव्हला सोसत न्हाई."

पोरग्यानं मेन स्विच पाडला. फ्यूज काढून खिशात ठेवले. ड्राइव्हचा डिस्प्ले विझला. त्यानं झाकण काढलं आणि पेचकस पुढं केला. मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं.

"लाईट बंद हाय की, मिस्त्री. फ्यूज खिशात हायत माझ्या."

मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं मीटर डी.सी.वर लावून पोरग्याच्या हातात दिला. पोरग्यानं आतल्या डी.सी.च्या दोन टर्मिनलवर टोकं टेकवली. आकडा 200च्या घरात होता. पोरग्यानं हात मागं घेतला.

"वरचा नळ बंद केला म्हणून टाकी रिकामी होती व्हय?" मिस्त्री म्हणाला. "तीन फेजची वीज आत आली की तिची डी.सी. होती आणि कपॅसिटरमधी साठती. चालू असताना तिथं 580 व्होल्टच्या आसपास असत्यात. तू येणारी वीज बंद केलीस. साठलेली तिथंच हाय. झाकणावर काय लिहिलंय ते वाच."

पोरग्यानं वाचलं. बंद केल्यावर 10 मिनिटं थांबा, असं लिहिलं होतं.

शेतकरी घायकुतीला आला. तोडलेला ऊस वाळत होता, काहिलीखालची चूल विझत आली होती, बाया आणि गुळव्या बसून होते. "उरकून टाक की रं पोरा," तो दोनदा म्हणाला. पोरग्यानं मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्री उसाच्या मोळीवर बसून होता. पोरगाही बसला.

10 मिनिटं झाली. पोरग्यानं पुन्हा मीटर लावला. आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. मग त्यानं वायरी सोडवल्या. मेगर लावला. वाइंडिंग वाचलं होतं. त्या दिवशी मोटार 50 हर्ट्‌झवरच चालवली. पुढच्या आठवड्यात शेतकऱ्यानं चरकाला मोठी पुली बसवली. चरक त्याला हवा तेवढा सावकाश फिरू लागला आणि मोटार आपल्या पुऱ्या वेगानं, पुऱ्या वाऱ्यात चालली.

तुमच्याकडे ड्राइव्ह असेल तर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मोटार हळू फिरताना दिसली तरी तिला हात लावून पाहा, ती तापली असेल. ड्राइव्ह विझलेला दिसला तरी झाकणावरची मिनिटं भरू द्या, मीटरनं मोजा आणि मगच आत हात घाला.