घर कोणाचे, निर्णय कोणाचा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमी हादरली. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि परिसरात सुमारे ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. दैवापुढे कोणाचे चालते, असे म्हणून आपण अशा प्रसंगी सुस्कारा टाकतो. परंतु वाचकहो, भूकंप आणि मृत्यू यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि ती माणसाने बांधलेली होती.

ती भिंत दगडमातीची, चांगली जाड. तिचे आतले व बाहेरचे थर सांधणारे आरपार दगड मात्र बहुधा नव्हते. वर माळवदाच्या मातीचा भार. उन्हाळ्यात गारवा देणारे घर हादऱ्याने उकलले. मग दोष गवंड्याचा काय? देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा मानला गेला होता. २००२ साली तो तिसऱ्या क्षेत्रात आला. भिंत सांधण्याचे तंत्र जाणकारांना ठाऊक होते, पण ते खेड्यातल्या गवंड्यापर्यंत पोहोचले नाही. ज्याला कोणी शिकवले नाही, त्याच्यापेक्षा ज्याने ज्ञान स्वतःपाशी ठेवले त्याचे उत्तरदायित्व अधिक नव्हे काय?

पुनर्वसनाने दुसरा प्रश्न उभा केला. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे मजबूत, रस्ते सरळ व रुंद. परंतु वाड्याचे अंगण, गुरांची जागा, शेजारपण यांना त्या आराखड्यात पुरेसा थारा नव्हता. पुढे काहींनी सुरक्षित घराला लागूनच जुन्याच पद्धतीच्या दगडमातीच्या खोल्या बांधल्या. याला कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे होईल. जो आराखडा माणसाला विचारत नाही, त्याला माणूस आपल्या हाताने दुरुस्त करतो.

याउलट, जेथे घरे दुरुस्त व बळकट करायची होती, तेथे काम घरमालकांच्या हाती राहिले. अभियंते मार्गदर्शन करीत आणि गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून माहिती घरोघर नेत. तेथे तंत्रज्ञान गावात मुक्कामाला आले.

कोणी म्हणेल, उघड्यावर पडलेल्यांना चर्चा नको, छप्पर हवे. हे म्हणणे खरे आहे. आपत्तीनंतर वेग हीसुद्धा दयाच असते. म्हणूनच संवादाची वेळ आपत्तीच्या आधीची. मार्च २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील धक्के नांदेडपर्यंत जाणवले. अशा शांत दिवसांतच वास्तुविशारदाने गवंड्याशेजारी बसावे, माळवदाचा भार कसा हलका करावा, भिंतीला पट्टा कसा द्यावा हे दाखवावे आणि घरातल्या बाईला विचारावे, चूल कोठे हवी? भिंत पक्की करणे हे त्याचे कौशल्य आहे. ज्याला त्या भिंतीआड निजायचे आहे त्याला विचारणे, हे त्याचे कर्तव्य आहे.