आधी कुणाचे शेत?

शेजाऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर घातला, तर त्याचे पैसे घ्यावेत की नाही? प्रश्न दिसायला साधा आहे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे तो म्हणतो, डिझेल काय फुकट मिळते? ज्याच्या दारात नाही तो म्हणतो, बांधाला बांध लागलेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, आणि आता तासाचा हिशेब? दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच हा प्रश्न नीतीचा होतो. एक खरा आणि दुसरा खोटा असता तर तो गावच्या चार माणसांनी एका बैठकीत मिटवला असता.

मीरा-भाईंदरमध्ये राहून ट्रॅक्टरची चिंता कशाला, असे कुणी विचारील. या शहराची नगरपालिका १९८५ साली झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. त्याआधी इथे गावे होती. राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, खारी ही नावे आज बसच्या पाटीवर वाचायला मिळतात. एके काळी ती भाताच्या खाचरांची आणि मिठागरांची नावे होती. पण आमचा शेतीशी संबंध एवढ्या इतिहासापुरता नाही. मीरा रोडच्या इमारतींतून राहणारे आम्ही बरेचसे लोक दापोली, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, महाड अशा तालुक्यांतले. कुणी नोकरीसाठी आले, कुणी जागा परवडेना म्हणून मुंबई सोडून आले, आणि १९९२-९३ च्या दंगलीनंतर जुने मोहल्ले सोडून आलेलीही पुष्कळ घरे आहेत. पत्ता बदलला, पण सातबाऱ्यावरचे नाव गावीच राहिले. मृग लागला की गावी फोन सुरू होतात आणि त्यात तीन प्रश्न हमखास असतात. यंदा ट्रॅक्टर कुणाचा? तासाला किती घेतो? आणि आपल्या शेताला कधी लागणार?

भांडणे होतात ती बहुधा दुसऱ्या प्रश्नावरून. आमच्या मते नीतीचा खरा प्रश्न तिसरा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा आधी निकाल लावू. पूर्वी सगळे कसे प्रेमाने चालत असे, असे सांगणारी वडीलधारी माणसे प्रत्येक घरात असतात. सावड होती, वारंगुळा होता, देशावर इर्जिक होते. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. ज्याच्या शेतात दहा औते जमली त्याने सर्वांना जेवण घालायचे. हे सारे सुंदर होते यात शंका नाही. पण ते फुकट नव्हते. तिथे हिशेब होता; तो फक्त रुपयांत नव्हता, दिवसांत होता. तुझे दोन दिवस माझ्याकडे निघतात, हे ज्याला त्याला नीट ठाऊक असे. आणि ज्याच्या गोठ्यात बैलच नव्हते त्याचे काय? त्याला बैलजोडीच्या एका दिवसासाठी आपल्या अंगमेहनतीचे दिवस द्यावे लागत, आणि वर उपकारही मानावे लागत. म्हणजे जुन्या शेजारधर्मातही बरोबरीच्यांची फेड सुखाची होती आणि खालच्याची फेड जड होती.

ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर ही फेडीची सोय मोडली. एकाच्या घरी यंत्र आणि दुसऱ्याच्या घरी त्या तोलाचे काहीच नाही. परतफेड करायची कशाने? शिवाय यंत्राला बैलासारखा बांधावरचा चारा चालत नाही. त्याला डिझेल लागते, रोटाव्हेटरची पाती झिजतात, टायर फाटतो, चालवणाऱ्या पोराची मजुरी असते, आणि बँकेचा हप्ता पाऊस पडो न पडो येतोच. ज्याने कर्ज काढून यंत्र घेतले त्याने साऱ्या वाडीची नांगरणी सलोख्याखातर करावी, ही अपेक्षा म्हणजे त्याच्या हप्त्यावर आपण शेजारी म्हणून मिरवणे होय.

या बाबतीत आमच्या फिकहने एक जुना आणि उपयोगी फरक करून ठेवला आहे. वस्तू वापरायला द्यायची आणि मोबदला घ्यायचा नाही, ती आरियत. मोबदला घेऊन द्यायची, तो इजारा. दोन्ही जायज आहेत. मात्र इजाऱ्यात मोबदला किती आणि काम किती हे आधी ठरलेले असावे लागते. आता फवारणीचा पंप, ताडपत्री, मळणी यंत्र अशी शेजाऱ्याच्या हाती सोपवायची अवजारे घ्या. समजा, मागून नेलेले यंत्र शेजाऱ्याकडे असताना निकामी झाले, तर भरपाई कुणाची? हनफी मताप्रमाणे मागून नेलेली वस्तू अमानत असते; नेणाऱ्याने हयगय केली असेल तरच तो देणे लागतो. शाफई मताप्रमाणे, आणि कोकणातले आम्ही बहुतेक शाफईच, ठरल्याप्रमाणे वापरताना होणारी झीज सोडली तर मागून नेणाराच जबाबदार असतो. उलट भाड्याने नेली असेल, तर हयगयीशिवाय त्याच्यावर बोजा येत नाही. म्हणजे ज्याला आपण फुकट म्हणतो ते पुष्कळदा फुकट नसते. त्याची किंमत फक्त पुढे ढकललेली असते. भाडे देणारा गरीब शेतकरी त्या किमतीतून मोकळा होतो.

म्हणून सर्वांत वाईट रीत कोणती म्हणाल, तर ‘द्या तुम्ही समजून काय ते’ ही. ऐकायला गोड आहे, पण तिच्यात घेणाऱ्याला झोप नाही. पैसेवाला समजून कमी देतो, कारण त्याला कुणाची भीती नसते. गरीब समजून जास्त देतो, कारण पुढच्या वर्षी तेच दार ठोठवायचे असते. आणि ज्याने काहीच दिले नाही त्याचे नाव गावभर होते. यापेक्षा तासाचा दर आधी सांगितलेला बरा. तो सर्वांना एक असावा, भावालाही आणि परक्यालाही. दर देऊन घरी जाणारा माणूस मान वर करून जातो. त्याने काम विकत घेतलेले असते, उपकार घेतलेला नसतो. शेजाऱ्याकडून वाजवी पैसे घेण्यात लाज नाही. कधी कधी तर त्यातच त्याची इज्जत राहते.

मग शेजाऱ्याचा हक्क संपला का? इथे बरेच जण थांबतात. दर वाजवी आहे, पावती चोख आहे, झाले. आम्हांला हे पुरेसे वाटत नाही.

कुरआनच्या १०७ व्या सूरहचे नावच अल्-माऊन आहे. अवघ्या सात आयतींची ही सूरह आमच्या मुलांना लहानपणीच पाठ होते. नमाज पढूनही तिच्या अर्थाविषयी गाफील राहणारे, लोकांना दाखवण्यासाठी करणारे आणि माऊन रोखून धरणारे यांना तिच्यात सक्त इशारा आहे. माऊन म्हणजे काय? काही जुन्या भाष्यकारांनी त्याचा अर्थ जकात असा घेतला. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेला अर्थ मात्र घरगुती आहे. कुऱ्हाड, हंडी, बादली अशा, शेजारी एकमेकांकडे मागतात त्या वस्तू.

या वस्तूंत एक गोष्ट समान आहे. त्या दिल्याने देणाऱ्याचे जवळजवळ काही कमी होत नाही आणि न दिल्याने मागणाऱ्याचे काम अडते. सकाळी नेलेली कुऱ्हाड संध्याकाळी तशीच परत येते. ट्रॅक्टर तसा परत येत नाही. डिझेल जाळून आणि पाती झिजवून येतो. म्हणून अख्खा ट्रॅक्टर हा माऊन नव्हे. पण ट्रॅक्टरवाल्याच्या हातात असे काही आहे का, की जे दिल्याने त्याचे फारसे कमी होत नाही आणि रोखल्याने दुसऱ्याचा हंगाम जातो? आहे. ती पाळी. गावात तिला आता नंबर म्हणतात.

भातशेती करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. रोपे साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की लावणी व्हायला हवी. त्या वेळी खाचरात पाणी हवे आणि चिखलणी झालेली हवी. रोप जून झाले की त्याला फुटवे कमी येतात आणि पीक घटते. आठ-दहा दिवसांची ही संधी साऱ्या वाडीला एकदमच येते आणि यंत्र एकच असते. आता समजा, एकाचे शेत दोन एकर, रस्त्याला लागून. दुसरीचे पाच गुंठे, तीन बांध ओलांडून कोपऱ्यात. घरात कमावता माणूस नाही. दर दोघांना एकच आहे. ट्रॅक्टरवाला आधी कुठे जाईल? दोन एकरांत तो दिवसभर सलग कमावतो. पाच गुंठ्यांसाठी जाण्या-येण्यातच वेळ जातो. तो तिला नाही म्हणत नाही. तो फक्त ‘उद्या बघू’ म्हणतो. असे आठ उद्या गेले की तिची रोपे जून होतात. दरात काडीचा अन्याय झाला नाही, कुणी कुणाला फसवले नाही, तरी एका घरचे वर्षाचे तांदूळ गेले. माऊन रोखला जातो तो असा, एकही कडवा शब्द न बोलता.

पाळीचा प्रश्न मदीनेतही आला होता. हजरत जुबैर आणि एक अन्सारी यांचा पाटाच्या पाण्यावरून वाद झाला. जुबैरांचे शेत वरच्या अंगाला होते. पैगंबरांनी (स.) जुबैरांना सांगितले की आपल्या झाडांना पाणी द्या आणि मग शेजाऱ्याकडे सोडा. अन्सारी रागावून बोलला की ते तुमचे आतेभाऊ, म्हणून तुम्ही असा निवाडा केला. तेव्हा पैगंबरांनी (स.) जुबैरांना त्यांचा पुरता हक्क, म्हणजे पाणी बांधापर्यंत चढेपर्यंत अडवून घेण्याचा, बजावायला सांगितले. हदीसच्या जाणकारांनी यातून दोन पायऱ्या दाखवल्या आहेत. पहिल्या निवाड्यात शेजाऱ्यासाठी सवलत होती, दुसऱ्यात नुसता हक्क. वरच्या अंगाच्या माणसाचा हक्क कुणी नाकारलेला नाही. पण पहिला शब्द निघाला तो हक्क पुरता न ताणण्याचा.

पाळी म्हणजे काय हे मीरा-भाईंदरकरांना वेगळे शिकवायला नको. स्टेम आणि एमआयडीसी यांच्याकडून येणाऱ्या पाण्यावर या शहराने अनेक वर्षे दिवस काढले आहेत. पाणीपट्टी सर्वांची सारखी, पण टंचाईत आधी कुणाच्या टाकीत पाणी चढते आणि शेवटच्या इमारतीला किती वाजता मिळते, यावरून शेजारधर्म कळतो. बिल भरले म्हणून शेवटच्या इमारतीची तहान भागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की लहान शेत आधी केले तर ट्रॅक्टरवाल्याचा वेळ आणि डिझेल वाया जाते. थोडे जाते हे खरे. पण एका अंगाची लहान शेते एकत्र घेतली, किंवा मोठ्या शेताकडे जाताना वाटेतली खाचरे उरकली, तर तो तोटा फार नाही. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. गरज कुणाची मोठी हे ट्रॅक्टरवाल्यानेच ठरवायचे, तर गरिबाला पुन्हा त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे लागेल. मग दर देऊन मिळवलेली इज्जत पाळी मागताना जाईल. हे टाळायचे तर पाळीही दरासारखीच आधी आणि उघड ठरली पाहिजे. ज्याची रोपे आधी तयार, त्याचे शेत आधी. आणि दोघांची बरोबर तयार असतील तर ज्याचे पोट त्याच शेतावर आहे, त्याचे आधी.

हे अशक्य नाही. गावोगावी जमातीच्या देगा, ताटे, सतरंज्या असतात. वहीत नाव लिहायचे, तारीख लिहायची, फुटलेल्या भांड्याची भरपाई द्यायची. तिथे शेठची शादी आणि मजुराची शादी एकाच वहीत लागते. नांगरणीची वही जमातीने किंवा गावकीने ठेवली तर काय बिघडेल? २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून भाड्याने यंत्रे देणाऱ्या अवजार बँकांना अनुदान मिळू लागले. त्याने यंत्र गावात येते, दरही ठरतो. पण पहिल्या पावसानंतर ते यंत्र आधी कोणत्या बांधावर जाते, हे माणसेच ठरवतात. आणि ज्याच्याकडे दर द्यायलाही खरोखर काही नाही, त्याचा भार एकट्या ट्रॅक्टरवाल्यावर टाकू नये. जकात-सदक्याची रक्कम त्या माणसाच्या हाती द्यावी आणि त्याने इतरांसारखाच दर मोजावा.

आता आम्हां शहरवाल्यांची गोष्ट. आमची जमीन गावी, चूल मीरा रोडला. गावचा भात आला तर आनंद आहे, न आला तर वाण्याकडचा तांदूळ आहे. अशा माणसाने चुलतभावाकडे दरात सूट मागणे शोभत नाही. तो हप्ते फेडतो आहे. आणि नात्याच्या जोरावर पहिला नंबर मागणे तर त्याहून शोभत नाही, कारण तो नंबर भावाच्या खिशातून येत नाही, कोपऱ्यातल्या पाच गुंठ्यांतून येतो. ठरलेला दर आधी पाठवावा आणि सांगावे की आमचे शेत शेवटी केले तरी चालेल. यात आमचे जाते काय? फार तर दोन पायली भात. कुऱ्हाड आणि बादली मागायला आमच्या दारी आता कुणी येत नाही. फ्लॅटमध्ये त्या नसतातही. गावच्या बांधावरची पाळी मात्र अजून आमच्या नावावर आहे, आणि ती सोडता येते.