वाऱ्याची वाटणी

वाटणी हा शब्द आपल्याकडे फारशा चांगल्या प्रसंगी उच्चारला जात नाही. शेताची वाटणी, घराची वाटणी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. या शब्दांच्या मागोमाग वकील येतो आणि वकिलाच्या मागोमाग अबोला. तरी जमीन मोजता येते, पाणी अडवता येते. वाऱ्याचे काय? तो सकाळी या गावचा, संध्याकाळी त्या गावचा. जे मुठीत धरता येत नाही ते वाटून घ्यायला शहाणी माणसे कशाला बसतील? परंतु युरोपातील उत्तर समुद्राच्या काठची राष्ट्रे गेली काही वर्षे नेमकी याच कामाला बसली आहेत. आणि त्यांच्या बैठकीत जो प्रश्न निघाला आहे, तो विजेचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे.

या उद्योगाची सुरुवात अगदी लहान होती. १९९१ साली डेन्मार्कने विंडेबी येथे उथळ समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या. समुद्रातल्या पवनविजेचा जगातला हा पहिला संसार. सगळ्या चक्क्यांची शक्ती मिळून ५ मेगावॅटही भरत नव्हती. २०१७ साली त्या उतरवल्या गेल्या, तेव्हा एकेकटी नवी चक्की त्या अकराजणींना मागे टाकण्याइतकी थोर झाली होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये बेल्जियममधील ओस्टेंड येथे नऊ राष्ट्रांनी एकत्र येऊन संकल्प सोडला, की २०५० पर्यंत या समुद्रांवर ३०० गिगावॅटच्या चक्क्या उभारायच्या. एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट. विंडेबीच्या मापाने हा हिशेब मांडू गेल्यास पाटी पुरणार नाही.

आता हा वारा कोणाचा? कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. १९८२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या ५६ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत पाणी, प्रवाह आणि वारे यांपासून ऊर्जा मिळवण्याचा हक्क त्या किनाऱ्याच्या राष्ट्राचा. उत्तर समुद्र अरुंद. त्यामुळे त्यात कोणाचाच नाही असा तुकडा उरलेला नाही. त्याच्या तळाच्या वाटणीवरूनही एकदा भांडण झाले होते. जर्मनी एका बाजूला, डेन्मार्क आणि नेदरलंड्स दुसऱ्या बाजूला. १९६९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले, की नुसत्या समान अंतराच्या रेषेचा नियम जर्मनीवर बंधनकारक नाही. न्याय्य तत्त्वांना धरून आपसांत करार करा. न्यायाधीशांनी पट्टी बाजूला ठेवून माणसांना पुन्हा एकमेकांसमोर बसवले, ही गोष्ट मला फार आवडते.

पण वाऱ्याला नकाशा वाचता येत नाही. चक्की वाऱ्यातला जोर काढून घेते आणि तिच्यामागे कित्येक किलोमीटरपर्यंत वारा मंदावलेला राहतो. सीमेच्या अलीकडे एका राष्ट्राने चक्क्यांची रांग उभारली, की पलीकडच्याच्या चक्क्या थोड्या कमी फिरतात. हक्क आपल्या हद्दीत आणि नुकसान शेजाऱ्याच्या! याला चोरी म्हणावे तर काहीच उचलून नेलेले नाही. म्हणू नये तर शेजाऱ्याचे काहीतरी खात्रीने गेले आहे.

म्हणूनच जुनी रीत, म्हणजे आपली चक्की, आपली तार, आपला किनारा, आता पुरेशी वाटेनाशी झाली आहे. शिवाय ती तार वारा पडला की रिकामी पडून राहते. २०२० साली डेन्मार्क आणि जर्मनी यांनी बाल्टिक समुद्रात क्रीगर्स फ्लाक येथे निराळा प्रयोग केला. दोघांच्या समुद्रातल्या पवनक्षेत्रांना आपसांत जोडले. वारा असेल तर तारांतून त्याची वीज घरी येते; नसेल तर त्याच तारांवरून दोन देशांत विजेची देवघेव चालते. यात एक मोठी गंमत आहे. जर्मनीची वीज आणि पूर्व डेन्मार्कची वीज, दोघींचा ठेका सेकंदाला ५० आवर्तनांचाच. पण सम एकाच क्षणी येत नाही. म्हणून जर्मनीत बेंटविश येथे एक यंत्रशाळा बांधली आहे. ती एका बाजूची वीज घेऊन दुसऱ्या बाजूच्या समेवर आणून देते.

यंत्रांची सम जुळली, नियमांची जुळेना. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे सीमेवरच्या तारांची किमान ७० टक्के क्षमता व्यापारासाठी खुली हवी. हेतू चांगला, की कोणी आपली वेस बंद करून बसू नये. पण इथे तारा मुळात वाऱ्याच्या विजेसाठी. ती ऐन भरात आली की व्यापाराला जागा कोठून द्यायची? अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये या जोडणीला नियमातून सूट मिळाली. आधी वारा, मग उरलेल्या जागेत व्यापार.

इथवर सारे गोडीगुलाबीने चालते. खरी कसोटी लागते ती घरचा दिवा महाग होतो तेव्हा. नॉर्वेकडे डोंगर आहेत, धरणे आहेत, स्वस्त जलविद्युत आहे. १९७६-७७ पासून त्याच्या तारा डेन्मार्कला, २००८ पासून नेदरलंड्सला आणि २०२१ पासून जर्मनी व ब्रिटनलाही जोडलेल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीवर आभाळ भरून आले आणि वारा पडला. तिथे विजेचा भाव चढला, तसा तारांवरून तो दक्षिण नॉर्वेतही येऊन पोहोचला. आपल्या डोंगरातले पाणी, आपले धरण आणि भाव मात्र परक्या आभाळावर ठरणार! लोक चिडले. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या ऊर्जा-नियमांवरून तिथल्या सरकारातला एक पक्ष बाहेर पडला. स्वीडनने तर त्याआधीच, जून २०२४ मध्ये, जर्मनीला जोडणाऱ्या ७०० मेगावॅटच्या तारेला नकार दिला होता.

आपल्या आज्यांच्या काळी चुलीसाठी शेजारून विस्तव मागून आणत. विस्तवाला कोणी नाही म्हणत नसे. कारण निखारा दिल्याने आपली चूल विझत नाही. वीज मात्र अशी नाही. दिलेली वीज आपल्याला उरत नाही आणि तिचा भाव आपल्याच घरात वाढतो. म्हणून नॉर्वेतल्या त्या गृहिणीला 'आपमतलबी' म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. तिची तक्रार खरी आहे.

पण तक्रार खरी असली म्हणजे तीवर सुचवलेला उपाय बरोबर असतोच असे नाही. भाव चढला तेव्हा पैसा कोठे गेला, हे आधी विचारायला हवे. नॉर्वेतली बहुतेक जलविद्युत सरकारच्या आणि नगरपालिकांच्या मालकीची आहे; म्हणजे चढ्या भावाचा मोठा हिस्सा सार्वजनिक पेटीतच पडला. एका हाताने गेले ते दुसऱ्या हातात आले. फक्त ज्या घरातून गेले त्या घरात परत पोहोचले नाही. तिथल्या सरकारने २०२१ च्या अखेरीपासून घरगुती बिलांचा काही भार उचलला आणि ऑक्टोबर २०२५ पासून ठरावीक दराचा पर्यायही दिला. अन्याय तारेत कमी आणि घरातल्या वाटणीत अधिक होता, हे यावरून दिसते. पाऊस कमी झालेल्या वर्षी हीच तार उलट दिशेने वीज आणते, हेही विसरून चालणार नाही.

मागणाऱ्याचाही धर्म आहे. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपली शेवटची अणुवीज केंद्रे बंद केली. तो त्या देशाचा अधिकार. पण आपली एक चूल स्वतःच्या मर्जीने विझवून शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जाताना, त्याच्या घरावर काय भार पडतो याचा विचार आपणच आधी केला पाहिजे.

मग न्याय्य वाटणी कोणती? कालव्याच्या पाळ्या ठरवताना मुखाशी शेत असलेल्याला विचारले तर एक उत्तर येते, टोकाशी शेत असलेल्याला विचारले तर दुसरे. ज्या नियमाला दोघेही, आपले शेत कोणत्या टोकाला पडणार हे ठाऊक नसताना, मान डोलावतील तोच नियम टिकतो. समुद्रावरच्या तारांना हीच कसोटी लावावी. तार बांधण्याचा खर्च, वारा मंदावल्याचे नुकसान, चढ्या भावाचा ताप आणि विक्रीचा नफा या चारही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या पाहिजेत. नफा एका वहीत आणि ताप दुसऱ्या वहीत, असा हिशेब ठेवला की आज ना उद्या कोणीतरी तार तोडायला निघतोच. आणि त्याला रोखायला आपल्याजवळ उत्तर उरत नाही.

शेजारधर्म हा नुसता मनाच्या मोठेपणावर चालत नाही. मोठेपणा भरल्या घरात सुचतो. टंचाईत त्याला नियमाचा आधार लागतो. या दिवाळीत उंबरठ्यावर पणती ठेवाल तेव्हा पाहा, तिचा थोडा उजेड घरात पडतो आणि थोडा रस्त्यावर. रस्त्यावरचा उजेड वाया गेला असे आपल्या घरातल्या म्हातारीलाही वाटत नाही. पण तेल मात्र कोणीतरी घातलेले असते. त्याची आठवण वाटेने जाणाऱ्याने ठेवायला हवी.